वेमॉर्क: आधी वीज, मग गिऱ्हाईक

नॉर्वेतलं वेमॉर्क हे पाण्यावर चालणारं जुनं वीजकेंद्र पाहायला जाणारे बहुतेक लोक दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट ऐकून जातात. फेब्रुवारी 1943 मधली रात्र, बर्फातून आलेले नऊ जण, जर्मनांच्या ताब्यातला कारखाना, तळघरात लावलेले सुरुंग. गोष्ट खरी आहे, थरारकही आहे, आणि तिच्याकडे आपण येऊच. पण तेवढीच डोक्यात ठेवून गेलं तर समोरच्या त्या अवाढव्य दगडी इमारतीचं काय करायचं ते कळत नाही. इतक्या अडनिड्या दरीत, कड्याला पाठ लावून, राजवाड्यासारखी इमारत कुणी आणि कशाला बांधली? आणि अणुभट्टीसाठी जर्मनांना हवं असलेलं ‘जड पाणी’, म्हणजे साध्या पाण्याहून वजनदार पाणी, नेमकं इथेच का तयार होत होतं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. इथे वीज आधी आली आणि तिचं गिऱ्हाईक नंतर शोधलं गेलं. खतकारखाना, रेल्वे, शेजारचं रयुकान गाव, जड पाणी हे सगळं ‘इतक्या विजेचं करायचं काय?’ या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात मिळालेलं उत्तर आहे. हे एकदा लक्षात आलं की वेमॉर्क पाहणं सोपं होतं.

आधी जागा समजून घेऊ. ऑस्लोच्या पश्चिमेला टेलेमार्क नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे मोस्वात्न हा मोठा तलाव समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून जास्त उंचीवर आहे, आणि टिन्शो हे सरोवर 200 मीटरच्याही खाली. दोन्हींना जोडणारी मोना नदी तीसेक किलोमीटरच्या प्रवासात सुमारे 700 मीटर खाली उतरते. या उताराच्या मधोमध रयुकानफॉसेन हा 104 मीटरचा धबधबा. एकोणिसाव्या शतकात तो पाहायला लांबून लांबून लोक येत, चित्रकार येत. 1868 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेच्या गिर्यारोहण संघटनेने आपलं पहिलं विश्रामगृह याच धबधब्याजवळ केलं. पुढे काही दशकांतच तो धबधबा उद्योजकांनी विकत घेतला आणि त्यातलं पाणी डोंगराच्या पोटात वळवलं. आज तुम्ही गेलात तर एरवी तिथे ओला कातळ आणि बारीकशी धार दिसते. वर जास्तीचं पाणी सोडावं लागलं तरच तो जुन्या रूपात कोसळतो. धबधब्यावर चालणारा कारखाना पाहायला जावं आणि धबधबाच नसावा, याने पुष्कळांची निराशा होते. पण तो नाही याचाच अर्थ यंत्रणा नीट चाललीय.

पाण्यातून वीज निघते कशी

पुष्कळांना वाटतं, टर्बाइन धबधब्याखाली ठेवलेलं असतं आणि वरून पडणारं पाणी ते फिरवतं. असं कुणी करत नाही. मोकळ्या हवेत पडणारं पाणी खडकावर आपटून, तुषार होऊन आपली बहुतेक ताकद आवाजात, भोवऱ्यांत आणि किंचितशा उष्णतेत घालवून बसतं. आपल्याला जो धबधबा सुंदर दिसतो, तो इंजिनिअरच्या नजरेत निव्वळ गळती.

मग पाणी धबधब्याच्या वरच पकडायचं. नदीला बांध घालायचा, पाणी बोगद्यात घ्यायचं आणि हा बोगदा डोंगरातून जवळजवळ आडवा न्यायचा. नदी बाहेर दरीत खाली खाली जात राहते, बोगद्यातलं पाणी मात्र आपली उंची राखून पुढे सरकतं. जितकं पुढे जाल तितकं नदी आणि बोगदा यांच्यातलं अंतर वाढत जातं. योग्य जागा आली की पाणी पोलादी पाइपांतून एकदम खाली सोडायचं. म्हणून धबधबा 104 मीटरचा असला तरी वेमॉर्कला वापरायला मिळाली ती सुमारे 300 मीटरची उंची. धबधब्याच्या वरचा आणि खालचा खळाळता उतारही हिशेबात आला. वेमॉर्कच्या मागच्या डोंगरउतारावर ओळीने उतरणारे जाडजूड पाइप अजून दिसतात. माझ्या मते त्या परिसरात सगळ्यात आधी पाहण्यासारखी गोष्ट हे पाइपच आहेत, कारण खरा धबधबा आता त्यांच्या आत आहे.

वीज किती मिळणार हे दोनच गोष्टी ठरवतात: पाणी किती उंचीवरून येतं आणि सेकंदाला किती येतं. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 100 मीटर खाली येत असेल तर त्यात सुमारे 980 किलोवॉटची ताकद असते. उंची दुप्पट केली की ताकद दुप्पट, पाणी दुप्पट केलं तरी दुप्पट. 1911 मध्ये सुरू झालेल्या वेमॉर्कची क्षमता होती 108 मेगावॉट, आणि त्या काळी हे जगातलं सर्वांत मोठं वीजकेंद्र मानलं जात होतं. उलटा हिशेब करून पाहा. 300 मीटर उंचीवर 108 मेगावॉट काढायचे तर सेकंदाला निदान 37 घनमीटर पाणी लागेल, आणि यंत्रांतली घट धरली तर 40 ते 45. एवढं पाणी बाराही महिने हवं. नॉर्वेच्या डोंगरात हिवाळाभर सगळं गोठलेलं असतं आणि वसंतात बर्फ वितळलं की नदीला पूर येतो. म्हणून वर मोस्वात्नला बांध घालून तलावाचं पाणी साठवलं आणि वर्षभर बेताबेताने सोडलं. बांधाचं नाव या गोष्टीत फारसं कुणी घेत नाही. पण तो नसता तर वेमॉर्क वर्षातले काही महिनेच चाललं असतं.

300 मीटर उंचीच्या पाण्याचा पाइपच्या तळाशी दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ 30 पट असतो. तिथे एका निमुळत्या तोटीतून ते बाहेर काढलं की धारेचा वेग, घर्षण सोडून दिलं तर, सेकंदाला 76 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ताशी 270 किलोमीटरहून जास्त. ही धार पेल्टन चाकाच्या, म्हणजे एका प्रकारच्या टर्बाइनच्या, कडेला लावलेल्या वाट्यांवर बसते. ही वाटी अगदी जवळ जाऊन पाहण्यासारखी असते. ती एकच नसते, दोन वाट्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध सुरीसारखी धारदार कड असते. पाण्याची धार त्या कडेवर बरोबर दुभंगते, दोन्हीकडे गोल वळते आणि आल्या वाटेने जवळजवळ उलटी फिरते. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या साधारण निम्मा ठेवला की उलटं फिरलेलं पाणी जमिनीच्या हिशेबात जवळजवळ थांबलेलंच असतं. सगळी ताकद चाकाला देऊन ते मुकाट खाली पडतं. ताशी 270 किलोमीटरने आलेलं पाणी असं गळून पडावं, यापेक्षा चोख काम यंत्रात क्वचितच सापडेल.

वीज झाली, घेणार कोण?

आता गाडं इथे अडतं. 1905 च्या सुमाराला नॉर्वेची लोकसंख्या होती जेमतेम 23 लाख. शहरं लहान, बहुतेक घरांत वीज पोचलेली नाही, आणि ही दरी सगळ्यांपासून दूर. विजेच्या तारा लांबवर नेण्याचं तंत्र बाल्यावस्थेत होतं, आणि नेल्या तरी त्या टोकाला 108 मेगावॉट घेणारं कुणी नव्हतं. दगडी कोळसा गाडीत भरून कुठेही नेता येतो, पडणारं पाणी नेता येत नाही. मग उरतो एकच मार्ग: वीज भरपूर खाणारं काहीतरी इथेच बनवायचं आणि तो माल बाहेर पाठवायचा.

साम आयडे या इंजिनिअरकडे धबधबे होते, वीज खाणारा माल नव्हता. क्रिस्टियान बिर्केलांड हा ऑस्लोतला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. त्याला वेड ध्रुवीय प्रकाशाचं, आणि त्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून तो विजेच्या चुंबकांवर चालणारी तोफ बनवत होता. 1903 मध्ये त्या तोफेचं जाहीर प्रात्यक्षिक फसलं. शॉर्टसर्किट झालं आणि जमलेल्या पाहुण्यांसमोर प्रचंड आवाज करत विजेची ज्वाळा उसळली. त्यानंतर काही दिवसांतच एका जेवणाच्या वेळी त्याची आयडेशी गाठ पडली. आयडेला हवी होती आकाशात कडाडते तशी, माणसाला करता येईल तेवढी मोठी वीज. ती बिर्केलांडच्या हातून चुकून आधीच कडाडली होती.

ही वीज हवी होती खतासाठी. पिकाला नत्र लागतं हे कुठलाही शेतकरी जाणतो. हवेत नत्र 78 टक्के आहे, पण पिकाला ते जसंच्या तसं उचलता येत नाही. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला जबरदस्त ऊर्जा लागते. निसर्गात हे काम जमिनीतले काही जिवाणू करतात, थोडंफार आकाशातली वीज करते. एकोणिसाव्या शतकात युरोप आपली गरज चिलीच्या वाळवंटातल्या सॉल्टपीटर या नत्र असलेल्या क्षारावर भागवत होता. 1898 मध्ये विल्यम क्रूक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने भर सभेत बजावलं होतं की हे साठे काही कायमचे पुरणार नाहीत, हवेतलं नत्र पकडण्याचा मार्ग रसायनशास्त्राने शोधला नाही तर गव्हाची टंचाई येईल. तेव्हा वीज खाणारा माल कोणता, याचं उत्तर समोरच होतं. आकाशातल्या विजेने जे होतं ते भट्टीत करायचं.

बिर्केलांड-आयडे भट्टीची रचना मला फार आवडते, कारण ती एका साध्या अडचणीवर बेतलेली आहे. दोन तांब्याच्या टोकांमध्ये विजेची ज्वाळा पेटवली तर ती दोरीसारखी बारीक असते, तिच्यातून फारच थोडी हवा जाऊ शकते. बिर्केलांडने तिच्या दोन्ही बाजूंना जोरदार चुंबक लावले. चुंबक ज्वाळेला आडवं ढकलतं. वीजप्रवाह सेकंदाला कित्येकदा दिशा बदलत असल्याने ज्वाळा एकदा वर ढकलली जाते, एकदा खाली. डोळ्याला मग दोरी दिसत नाही, माणसाच्या उंचीहून मोठी लखलखती तबकडी दिसते. तिचं तापमान 3000 अंशांच्या वर. या तबकडीतून हवा फुंकली की नत्र आणि प्राणवायू यांचा अगदी थोडा भाग, साधारण एक-दोन टक्के, एकमेकांशी जोडला जाऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो वायू झटकन थंड करावा लागतो. रमतगमत थंड केलात तर तो पुन्हा नत्र आणि प्राणवायू होऊन मोकळा होतो, सगळी मेहनत पाण्यात. पुढे त्याचा हवेशी संयोग होऊ द्यायचा, ग्रॅनाइटच्या उंच मनोऱ्यांत त्यावर पाणी शिंपडून नायट्रिक आम्ल करायचं, ते चुनखडीवर ओतायचं, की झालं कॅल्शियम नायट्रेट. पोत्यात भरण्याजोगं नत्रखत, बाजारात ‘नॉर्वेचं सॉल्टपीटर’ म्हणून ओळखलं गेलेलं.

2 डिसेंबर 1905 रोजी नोर्स्क हायड्रो ही कंपनी यासाठी उभी राहिली. भांडवल बरंचसं स्वीडिश आणि फ्रेंच होतं. सुरुवात टेलेमार्कमधल्याच नोटोडेन या गावी झाली, मोठा कारखाना रयुकानला आला. वेमॉर्क वर कड्यावर वीज करायचं, ती काही किलोमीटर खाली दरीतल्या भट्ट्यांकडे जायची. माल बाहेर काढायला 1909 मध्ये रेल्वे सुरू झाली, पण मध्ये टिन्शो सरोवर आडवं. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून रूळ टाकणं परवडणारं नव्हतं. म्हणून मालगाडीचे डबे जसेच्या तसे रूळ बसवलेल्या बोटीवर चढवायचे आणि तीस किलोमीटर पलीकडे उतरवायचे. या बोटी लक्षात ठेवा, पुढे त्यातली एक येणार आहे.

भट्टीत एक खोट होती, आणि ती साधीसुधी नव्हती. एक टन नायट्रिक आम्लासाठी सुमारे 15 हजार युनिट वीज लागायची. त्या एक टनात नत्र असतं 220 किलोच्या आसपास, म्हणजे एका किलो नत्रामागे 65-70 युनिट. ज्याच्याकडे वीज फुकटच्या भावात आहे त्यालाच हे जमावं. जर्मनीत 1913 मध्ये हाबर-बॉश पद्धत कारखान्यात उतरली. तिच्यात नत्राला विजेने तोडायच्या ऐवजी प्रचंड दाबाखाली उत्प्रेरकावर हायड्रोजनशी जोडून अमोनिया करतात. ऊर्जेचा खर्च अनेक पटींनी कमी. नॉर्वेची भट्टी त्या दिवसापासूनच मागे पडली होती, फक्त ते मान्य करायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली.

1920 च्या दशकाच्या शेवटी नोर्स्क हायड्रोनेही हाबर-बॉशची वाट धरली. आता हवा होता हायड्रोजन. जर्मन लोक तो कोळशापासून काढत. नॉर्वेकडे कोळसा नव्हता, पाणी आणि वीज मात्र तीच होती. पाण्यात वीज सोडली की त्याचा हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळा होतो, हे शाळेतल्या प्रयोगात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तोच प्रयोग अवाढव्य प्रमाणावर करायला 1929 मध्ये वेमॉर्कच्या वीजकेंद्रासमोर आठ-दहा मजली उंचीची काँक्रीटची इमारत उभी राहिली. या मार्गाने एका किलो नत्रामागे साधारण 10 ते 15 युनिट पुरतात. त्याच धबधब्यातून आता कितीतरी जास्त खत.

जड पाण्याचं गौडबंगाल

आणि इथून पुढची गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती. हायड्रोजनचा एक जुळा भाऊ आहे, ड्युटेरियम. रासायनिक स्वभाव तोच, वजन दुप्पट, कारण अणुकेंद्रात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉनही असतो. हॅरल्ड यूरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो 1931 मध्ये शोधला. साध्या पाण्यातल्या दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एखादाच ड्युटेरियमचा निघतो. ड्युटेरियमपासून बनलेलं पाणी ते जड पाणी. दिसायला अगदी साध्या पाण्यासारखं, पण सुमारे 11 टक्के जड. ते 3.8 अंशांवरच गोठतं आणि त्याचा बर्फाचा खडा साध्या पाण्यात टाकला तर बुडतो.

ते वेगळं कसं काढायचं? नेहमीच्या रासायनिक पद्धतींनी फार अवघड. पण विजेने पाणी फोडताना एक गंमत होते: हलका हायड्रोजन चटकन सुटतो, जड मागे रेंगाळतो. म्हणजे घटात, ज्या टाकीत पाणी फोडतात तिच्यात, शिल्लक राहणारं पाणी हळूहळू जड होत जातं. ते पुढच्या घटात घ्या, पुन्हा फोडा, उरलेलं आणखी जड. असं घटामागून घट करत गेलं की शेवटी हाती जवळजवळ शुद्ध जड पाणी येतं, पण त्यासाठी अक्षरशः तलावभर पाणी आणि डोंगराएवढी वीज खर्च होते. केवळ जड पाण्यासाठी एवढा खटाटोप 1934 मध्ये कुणीही केला नसता. वेमॉर्कला तो करावाच लागला नाही. अमोनियासाठी तिथे रात्रंदिवस पाणी फोडलं जातच होतं, जड पाणी हे त्याचं शेपूट. लाइफ ट्रोनस्टाड हा प्राध्यापक आणि कारखान्यातला इंजिनिअर योमार ब्रून यांनी हे शेपूट पकडलं आणि तळघरात शेवटच्या टप्प्याचे घट बसवले. गिऱ्हाईक म्हणजे जगभरातल्या मोजक्या प्रयोगशाळा. माल पोत्यांनी जात नव्हता, ग्रॅम आणि किलोच्या हिशेबाने जात होता.

1938-39 मध्ये युरेनियमचा अणू फुटतो हे कळलं आणि सगळं पालटलं. अणू फुटताना निघालेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यांनी पुढचे अणू फोडावेत, म्हणजे अणुभट्टी पेटती राहावी, असं वाटत असेल तर आधी त्यांना धीमं करावं लागतं. गोट्या खेळताना पाहिलं असेल, गोटी भिंतीवर आपटली तर तेवढ्याच जोरात परत येते, पण दुसऱ्या गोटीवर आपटली तर आपला वेग तिला देऊन टाकते. न्यूट्रॉनलाही आपल्याच वजनाच्या आसपासचं काहीतरी आपटायला लागतं. साधा हायड्रोजन वजनाने अगदी बरोबर, पण तो न्यूट्रॉन गिळून टाकतो. ड्युटेरियमच्या अणूत एक न्यूट्रॉन आधीच असल्याने तो सहसा दुसरा गिळत नाही, फक्त धीमा करून सोडतो. दुसरा पर्याय ग्राफाइटचा. अमेरिकेने तोच घेतला. जर्मनीत मात्र ग्राफाइट न्यूट्रॉन फार खातं असं मोजमाप निघालं. दोष त्यातल्या अशुद्धीचा होता, तो वेळीच ध्यानात आला नाही. राहिलं जड पाणी, आणि ते व्यापारी प्रमाणावर बनवणारी जागा जगात एकच होती. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. त्याच्या थोडंच आधी फ्रेंचांनी तिथला 185 किलोचा साठा गुपचूप उचलून नेला होता, पण घट जागेवरच होते.

हे घट निकामी करण्याच्या मोहिमेसाठी ऑक्टोबर 1942 मध्ये ब्रिटनहून पाठवलेले चार नॉर्वेजियन तरुण वरच्या हार्डांगरविडा पठारावर पॅराशूटने उतरले. नोव्हेंबरमध्ये दोन ग्लायडरमधून आलेली ब्रिटिश तुकडी कोसळली. त्यातले काही अपघातात मेले, उरलेल्यांना जर्मनांनी ठार मारलं. चौघे नॉर्वेजियन शेवाळ आणि रेनडिअरच्या मांसावर हिवाळा काढत राहिले. फेब्रुवारीत योआकिम रोनेबर्गच्या नेतृत्वाखाली आणखी सहा जण उतरले. 27 फेब्रुवारी 1943 च्या रात्री नऊ जण निघाले. वेमॉर्कला जायला दरीवरून झुलता पूल आहे, त्यावर पहारा होता. म्हणून ते एका बाजूने दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली आणि दुसऱ्या बाजूने चढून रेल्वेच्या रुळावर आले. त्या बाजूला पहारा जवळजवळ नव्हताच, कारण तिथून कुणी येऊ शकेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आज तुम्ही तो पूल चालून जाता तेव्हा मध्यावर थांबून खाली पाहा. गोष्टीतला सगळ्यात अविश्वसनीय भाग तेवढ्यात पटतो.

रोनेबर्ग आणि एक साथीदार तारांच्या बोगद्यातून सरपटत तळघरात शिरले. आत एक नॉर्वेजियन कामगार पहाऱ्यावर होता. 18 घटांना सुरुंग लावून झाले, वात पेटवायची तेवढ्यात तो म्हणाला, माझा चष्मा कुठे दिसत नाही, युद्धात नवा मिळणं मुश्किल आहे. आणि त्यांनी तो शोधून दिला. वात दोन मिनिटांची होती, रोनेबर्गने ती कापून 30 सेकंदांची केली, कारण काम झाल्याचा आवाज त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. सुमारे 500 किलो जड पाणी गटारात गेलं. एकही गोळी सुटली नाही. आत मुद्दाम ब्रिटिश फौजेत वापरली जाणारी एक बंदूक टाकून ठेवली होती, म्हणजे सूड गावकऱ्यांवर निघू नये.

पुढचा भाग संग्रहालयाच्या चिठ्ठ्यांवर असतो, पण तिथे फारसं कुणी रेंगाळत नाही. जर्मनांनी काही महिन्यांत घट पुन्हा सुरू केले. 16 नोव्हेंबर 1943 रोजी अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, त्यात नॉर्वेचेच वीसच्या वर नागरिक मेले आणि तळघराला फारसं काही झालं नाही. मग जर्मनांनी उरलेलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरवलं. रेल्वेने, आणि अर्थात त्या बोटीवरून. 20 फेब्रुवारी 1944 रोजी ‘हायड्रो’ नावाची बोट टिन्शोच्या मध्यावर सुरुंगाने बुडवली गेली. 18 जण गेले, त्यातले 14 नॉर्वेजियन, साधे प्रवासी आणि खलाशी. ज्यांनी सुरुंग लावला त्यांना हे आधीच माहीत होतं.

जर्मनीची अणुभट्टी युद्ध संपेपर्यंत एकदाही नीट पेटली नाही, बाँब तर फार लांब राहिला. हे आपल्याला आज माहीत आहे. 1943 मध्ये लंडनमध्ये बसलेल्या कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. त्यामुळे ‘या नऊ जणांनी जग वाचवलं’ हे वाक्य मला सैल वाटतं, आणि ‘उगीचच केलं’ हे त्याहून सैल.

आज तिथे काय आहे

जुनं वीजकेंद्र 1971 मध्ये बंद झालं. त्याची जागा डोंगराच्या पोटात बांधलेल्या नव्या केंद्राने घेतली, ते अजून वीज करतं. 1988 पासून जुन्या इमारतीत नॉर्वेच्या औद्योगिक कामगारांचं संग्रहालय आहे. हायड्रोजनची उंच इमारत, म्हणजे सुरुंगवाली, 1977 मध्ये पाडून टाकली. तेव्हा कुणाला त्यात जतन करण्यासारखं काही दिसलं नसावं. पुढे ढिगाऱ्याखालचं तळघर उकरून काढलं आणि आता ते पाहता येतं. 2015 मध्ये रयुकान आणि नोटोडेन मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि त्यात एकटी इमारत नाही: वीजकेंद्रं, कारखाने, रेल्वे, बोटी आणि कामगारांची वस्ती असं सगळं मिळून आलं.

म्हणून वेमॉर्कवरूनच परत फिरू नका. खाली रयुकान गाव कंपनीने कामगारांसाठी वसवलेलं आहे आणि ते दरीच्या इतक्या तळाशी आहे की सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे ऊन पडतच नाही. समोर 1883 मीटरचा गाउस्टाटोपेन आडवा येतो. कारखाना धबधब्याला धरून आला, गावाला उन्हाचा विचार करायची सोय नव्हती. 1928 मध्ये कंपनीने गावाला हवेतून जाणारा पाळणा भेट दिला, हिवाळ्यात वर जाऊन ऊन खाता यावं म्हणून. तो अजून चालतो. डोंगरावर आरसे बसवून ऊन चौकात पाडावं ही कल्पना 1913 मध्येच कुणी गावकऱ्याने मांडली होती, ती बरोबर शंभर वर्षांनी अमलात आली. 2013 मध्ये उत्तरेकडच्या कड्यावर तीन मोठे आरसे बसले. संगणकाच्या हुकमाने ते सूर्याबरोबर वळतात आणि चौकातल्या सुमारे 600 चौरस मीटर जागेत ऊन आणून टाकतात. थंडीत लोक तेवढ्याच तुकड्यात उभे असतात.

पाहण्याचा क्रम मी असा लावेन. आधी वर धबधब्याच्या कोरड्या कातळाशी जा, मग झुलत्या पुलावरून वेमॉर्कला, आणि आत शिरण्याआधी मागचे पाइप डोळे भरून पाहा. आत गेल्यावर तळघराकडे धावू नका. गर्दी तिकडेच असते. यंत्रांच्या दालनात ओळीने बसलेल्या जनित्रांशेजारी थोडा वेळ काढा, ती जागच्या जागी आहेत. तळघर त्यानंतर, म्हणजे ते घट तिथे का होते हे आधीच कळलेलं असेल. वेळ उरला तर टिन्शोच्या काठी मेलला जाऊन रेल्वेची बोट बघा. ‘अमोनिया’ नावाची वाफेची बोट तिथे जपून ठेवली आहे, आणि तिच्या डेकवर डब्यांसाठीचे रूळ आहेत. बुडालेली ‘हायड्रो’ याच सरोवराच्या तळाशी, 400 मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात आहे. उन्हाळ्यात गेलात तर वेमॉर्कचा परिसर चालत पाहता येतो. हिवाळ्यात पुलावर आणि चढावर बर्फ असतो, चांगल्या पकडीचे बूट लागतात, आणि संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघण्याआधी पाहून घ्या.